अरण्याची निवड

माझ्या ३८ वर्षांच्या शिक्षकीच्या नोकरींत मीं मुलांकडून नकाशे पुष्कळ काढून घेतले. संस्कृत हा माझा मुख्य विषय. परंतु लहान गांवच्या शाळेंत संस्कृतच्या मास्तरासच भूगोलही शिकवावा लागतो, आणि तो मीं आवडीनें शिकविला. तथापि हरिणाच्या शिकारीस कोणतें अरण्य बरें तें नकाशा पाहून सांगा, असा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानें कधीं विचारला नव्हता. तो गेल्या वर्षीं विचारला माझ्या सख्ख्या नातवानें. आणि आमचें घर तर असें कीं, चातुर्मासांत तेथें कांदादेखील स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडीत नाहीं.

हकीगत अशी. धाकटे चिरंजीव २० वर्षांपासून अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानांत नोकरीनिमित्त राहतात. आमचा बाळ तिकडेच जन्मला. आतां तो १८ वर्षांचा आहे आणि बाळ म्हटलेलें त्यास आवडत नाहीं. पण घरांत पडलेलें नांव सुटत नाहीं. गेल्या चैत्राच्या आरंभीं मी त्यांच्याकडे गेलों. सौभाग्यवतीचे गुडघे एवढ्या प्रवासास राजी नव्हते, म्हणून ती वाईसच थोरले बंधू व वहिनी यांजपाशीं राहिली.

पोहोंचल्यावर दोनच दिवसांनीं बाळानें जेवणाच्या मेजावर मोठाले नकाशे पसरले आणि म्हणाला, "आजोबा, एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत माझा अर्ज गेला पाहिजे. या तपकिरी रेषा बाबांना नीट वाचतां येत नाहींत. तुम्हांला येतात ना?" येतात, असें मीं मोठ्या अभिमानानें सांगितलें, आणि अर्ज कशाचा हें मागाहून विचारलें. चूक झाली ती येथेंच.

शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. आयुष्यभर सुतारकाम केलेला, मितभाषी माणूस. बाळ लहानपणापासून त्यांच्या अंगणांत वाढलेला. त्यांच्याकडूनच त्याला शिकारीचा नाद लागला. त्या संस्थानांत १ जानेवारी १९४९ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसास शिकारीचें शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळविल्यावांचून परवानाच मिळत नाहीं. बाळानें तेंही मिळविलें होतें. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलावर रागावणें मास्तराच्या जिवावर येतें! तरीपण मीं विचारलेंच, "बाळ, त्या मुक्या जनावरानें तुझें काय केलें आहे?" त्यानें शांतपणें उत्तर दिलें, "कांहीं नाहीं, आजोबा. पण मी मित्रांबरोबर मांस खातों, हें तुम्हांला ठाऊक आहे. तें कोणी तरी मारलेलेंच असतें. मारायचें काम दुसऱ्यावर टाकून आपण नुसतें खायचें, हें मला बरें वाटत नाहीं." यावर मला लगेच उत्तर सुचलें नाहीं. अजूनही सुचलेलें नाहीं.

त्याच रात्रीं टेलिफोनवर ही गोष्ट दादांच्या कानीं गेली. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. वय ७६, नित्य संध्या, मोजकें बोलणें. "नातू शिकार करणार आणि आजोबा रान दाखविणार! छान!" एवढेंच ते म्हणाले.

मृगया आपल्या ग्रंथांस अपरिचित नाहीं. मनूनें ती राजाच्या कामज व्यसनांत घातली आहे. कौटिल्यानें द्यूताशीं तिची तुलना करून, तींत व्यायाम घडतो, जनावरांचें मन कळतें, असें तिच्या बाजूनें म्हटलें आहे. आणि शाकुंतलांत राजा हरिणामागें धांवत असतां तपस्वी त्यास आडवे येतात, तेथूनच सर्व कथेचा प्रारंभ होतो. मृग या शब्दाचाच विचार पहा. मृग् या धातूचा अर्थ शोधणें. जुन्या भाषेंत मृग म्हणजे कोणतेंही वन्य जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र आणि वानर शाखामृग. हरिण हा अर्थ मागाहून रूढ झाला. ज्याचा शोध करावयाचा तो मृग! हें सर्व मीं बाळास सांगितलें. त्यानें तें लक्षपूर्वक ऐकून घेतलें आणि पुन्हां नकाशाकडे बोट दाखविलें.

अरण्य म्हणजे तेथें काय, तें थोडें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत रक्षित अरण्यांचा एक स्वतंत्र कायदा आहे. ३ सप्टेंबर १९६४ रोजीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं त्यावर सही केली. त्याचा मसुदा वर्षानुवर्षें घडविणारे हॉवर्ड झानायझर हे गृहस्थ त्याच वर्षीं मे महिन्यांत वारले. सही पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. आरंभीं ५४ अरण्यें मिळून ९१ लक्ष एकर भूमि या कायद्याखालीं आली. आज अरण्यें ८०० हून अधिक आणि भूमि ११ कोटि एकरांच्या वर आहे. तेथें सडक नाहीं, मोटार नाहीं, सायकलसुद्धां नाहीं. माणसानें पायीं जावें किंवा घोड्या-खेचरावरून जावें. राष्ट्रीय उद्यानांत शिकार बहुधा वर्ज्य असते, परंतु जंगलखात्याच्या अशा बहुतेक अरण्यांत ती संस्थानच्या नियमांनीं चालते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानें शिकारीची वाट जवळजवळ बंदच केली, म्हणून ही व्यवस्था प्रथम मला चमत्कारिक वाटली.

शोधावयाचें जनावर म्हणजे खेचराच्या कानांसारखे लांब कान असलेलें तिकडील हरिण, म्यूल डिअर. आपला काळवीट शिंगें टाकीत नाहीं. सांबर व चितळ टाकतात. हें हरिण सांबराच्या कुळांतलें. उन्हाळ्यांत शिंगांवर मखमलीसारखी त्वचा असते, ती सप्टेंबरच्या सुमारास गळूं लागते. तोंवर मोठे नर वृक्षसीमेजवळ, म्हणजे अकरा-बारा हजार फुटांवर, उघड्या खोऱ्यांत चरतात. शिंगें कठीण झालीं कीं ते खालच्या दाट झाडींत शिरतात, मग दिसणें दुर्घट. यासाठींच कांहीं थोड्या उंच अरण्यांत सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत बंदुकीचा एक छोटा हंगाम ठेवलेला असतो. आपलें कळसूबाईचें शिखर ५,४०० फूट. येथें पायवाट सुरू होते तीच कित्येक ठिकाणीं दहा हजार फुटांवर.

आतां माझ्या अपराधाची गोष्ट. मी नकाशांवर चार दिवस बसलों आणि बाळास वेमिनूच नांवाचें अरण्य दाखविलें. कोलोराडोंतील तें सर्वांत मोठें, ५ लक्ष एकरांस थोडें कमी. त्यांतही मीं असें खोरें निवडलें कीं जेथें पोहोंचण्यास ११ मैल चालावें लागेल आणि मध्यें दोन खिंडी ओलांडाव्या लागतील. "येथें माणसांची वर्दळ नाहीं, म्हणून हरिणें निर्भय असतील," असें मीं कारण दिलें. कारण खोटें नव्हतें. हेतु खोटा होता. माझा हिशेब असा कीं, पोरगें अर्ध्या वाटेंत दमेल, हरिण वांचेल, दादांना तोंड दाखवितां येईल, आणि बाळ मजवर रुसणारही नाहीं. त्या रात्रीं मला झोंपही छान लागली, हें लिहितांना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं शेजारचे वृद्ध आले. त्यांनीं माझी पेन्सिलीची खूण बराच वेळ पाहिली आणि विचारलें, "हरिण पडल्यावर पुढें काय?" पुढचा विचार मीं केलाच नव्हता. त्यांनीं समजावून सांगितलें. मोठ्या नराचें हाडांवेगळें मांस ६०-७० पौंड भरतें. शिवाय तंबू, अंथरूण, अन्न. अरण्यांत चाकाची हातगाडीही चालत नाहीं, सर्व पाठीवर. तें मांस अर्ध्या रानांत टाकून येणें कायद्यानें गुन्हा. सप्टेंबरांत रात्रीं पाणी गोठतें, पण दुपारचें ऊन कडक; ११ मैलांवरून दोन खेपा करीपर्यंत दुसरी खेप नासण्याचें भय. "मुलगा तरुण आहे," ते म्हणाले, "तो दमणार नाहीं. तो तेथें पोहोंचेल आणि मारीलही. अडचण त्यानंतर येईल."

मी गप्प झालों. माझ्या कपटानें हरिण वांचणार नव्हतें. तें कदाचित् व्यर्थ मरणार होतें. आणि बाळाचें पाऊल एखाद्या घसरणीवर ओझ्याखालीं चुकलें असतें तर? ते गेल्यावर मीं बाळास सर्व सांगितलें. तो रागावला नाहीं. पण दोन दिवस त्यानें माझ्याकडे नकाशा आणला नाहीं, आणि ते दोन दिवस मला फार जड गेले. तिसऱ्या दिवशीं त्यानें एवढेंच विचारलें, "आतां खरें सांगाल?"

त्या दोन दिवसांत मला वनपर्वांतील एक प्रसंग वारंवार आठवत होता. पांडव द्वैतवनांत असतां युधिष्ठिराच्या स्वप्नांत हरिणें येतात आणि विनवितात कीं, आम्ही आतां बियाण्यापुरतीं उरलों आहों, तुम्ही दुसऱ्या वनांत जा. युधिष्ठिर सकाळीं उठून भावांना सांगतो आणि सर्व मंडळी काम्यकवनांत जातात. लहानपणापासून ही कथा मला ठाऊक. पण शिकार सोडा, असें हरिणें म्हणत नाहींत, वन बदला असें म्हणतात, याकडे माझें लक्ष कधींच गेलें नव्हतें. कोलोराडोंत १९९९ पासून या हरिणांचे सर्व परवाने मर्यादित केले आहेत. कोणत्या प्रदेशांत किती द्यावयाचे तें कळपांचा अंदाज पाहून दरसाल ठरतें आणि अर्जदारांत सोडत निघते. तेथील खातें युधिष्ठिराचें स्वप्न दरवर्षीं कागदावर पाहतें, असें मीं बाळास म्हटलें. तेव्हां तो प्रथम हंसला.

मग आम्ही खरोखर निवडावयास बसलों. मला मोह होता फ्लॅट टॉप्स अरण्याचा. १९१९ सालीं जंगलखात्यानें आर्थर कारहार्ट या तरुणास तेथील ट्रॅपर्स सरोवराभोंवतीं बंगल्यांच्या जागा आंखण्यास पाठविलें; तो परत येऊन म्हणाला कीं, येथें एकही बंगला नसावा. अशा माणसाचें सरोवर पहावें असें कोणास वाटणार नाहीं? पण तें विस्तीर्ण पठार, त्यावर उन्हाळ्यांत मेंढ्यांचे मोठे कळप चरतात, आणि मेंढ्या व कुत्रीं आलीं कीं नर हरिणें निघून जातात, असें शेजाऱ्यांचें मत. मरून बेल्सचीं शिखरें तर इतकीं प्रसिद्ध कीं तेथें यात्राच भरलेली असते. शेवटीं मधल्या पर्वतरांगेंतील एक अरण्य ठरलें, सव्वा लक्ष एकरांच्या आसपासचें. त्याचें व त्यांतील खोऱ्याचें नांव येथें लिहावयाचें नाहीं, अशी बाळाची सक्त ताकीद आहे. शिकारी आपलें खोरें सांगत नाहींत म्हणे. आपल्या आचाऱ्यांचीही मसाल्याच्या बाबतींत हीच रीत.

पारख मात्र सांगतों. त्या नकाशांत एक इंच म्हणजे २,००० फूट जमीन, आणि दोन रेषांमध्यें ४० फुटांची चढण. रेषा एकमेकींस चिकटल्या तेथें कडा. तेथें हरिण पडलें तर माणसाच्या हातीं लागत नाहीं, म्हणून असे उतार मीं आधींच पेन्सिलीनें खोडले. सडकेपासून ३ मैल; याहून अधिक नको. खोऱ्याच्या तळाशीं बारमाही ओढा व वाळुंजाच्या जातीचीं खुरटीं झुडुपें, म्हणजे चारा. उत्तरेच्या उतारावर दाट सावली, कारण दुपारीं जनावर तेथें बसतें आणि मांस टांगावयासही तीच जागा गार. तंबू वृक्षसीमेखालीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे उघड्या धारेवरून त्वरित खालीं उतरण्याची वाट. कारण त्या पर्वतांत दुपारीं विजा पडतात आणि वृक्षसीमेवर आडोसा म्हणून कांहीं नसतो. अशी एक घळ मला सांपडली. तिच्यावर मीं तांबड्या पेन्सिलीनें दोनदां रेघ ओढली.

सोडतींत बाळाचें नांव निघालें. सप्टेंबरांत आम्ही चौघे गेलों. बाळ आणि चिरंजीव वर चढले. चिरंजीवांचें काम ओझें वाहण्याचें, बंदुकीस त्यांनीं हात लावला नाहीं. शेजारी आणि मी, दोघे म्हातारे, पायवाटेच्या तोंडाशीं गाडीजवळ तंबू ठोकून राहिलों. मला तेथें दहा पावलें चाललें तरी धाप लागे. दुसऱ्या दिवशीं दुपारीं एक वाजतां आभाळ काळें झालें, गारा पडल्या, आणि त्या धारेवर विजांचा असा कडकडाट झाला कीं मी तंबूंत बसून रामरक्षा म्हणूं लागलों. शेजारी काय म्हणत होते तें मला कळलें नाहीं, पण तेही कांहीं तरी म्हणत होते.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं दोघे पहिलें ओझें घेऊन उतरले. सकाळीं नऊच्या सुमारास एका गोळींत नर पडला होता. आदल्या दिवशीं विजेच्या वेळीं ते त्या तांबड्या घळीनेंच खालीं आले होते, हें चिरंजीवांनीं मला हळूच सांगितलें. दुसरी खेप येण्यास रात्रीचे अकरा वाजले. तींत डोकें होतें, कारण तिकडे हरिणांस मेंदूचा एक क्षयरोग होतो आणि तपासणीसाठीं नमुना द्यावयाचा होता. शिंगांवरची अर्धीअधिक मखमल उतरून लोंबत होती. मीं कंदील वर धरला आणि त्याच्या लांब कानास हात लावला. थंड होता. बाळ माझ्याकडे पाहत उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते, श्रमानें कीं कशानें तें मीं विचारलें नाहीं. त्या थंडींत मीं दोन तांबे पाणी तापवून स्नान केलें. कां केलें, तें मला नीट सांगतां येणार नाहीं. मांस मीं खाल्लें नाहीं, हें सांगणें नलगे. परंतु तपासणीचा निकाल चांगला आल्यावर बाळानें तें स्वतः शिजविलें, निम्में शेजाऱ्यांस नेऊन दिलें, आणि त्या दिवशीं मी त्याच्या मेजावर माझी भाजी-पोळी घेऊन बसलों.

घरीं टेलिफोन केला तेव्हां सौभाग्यवती सर्व ऐकून घेऊन बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "विजा पडत होत्या तेव्हां पोर कोठें होतें?" मीं घळीची हकीगत सांगितली. "बरें," ती म्हणाली, आणि फोन दादांकडे देऊं लागली. दादांनीं तो घेतला नाहीं.

आश्विनांत मी परत आलों. तो नकाशा बाळानें मला देऊन टाकला आहे. माझ्या ट्रंकेंत, अमरकोशाच्या खालीं, घडी करून ठेवला आहे. परवां दादा सहज येऊन म्हणाले, "तिकडच्या नकाशांत डोंगर कसे दाखवितात रे?" मीं ट्रंक उघडणार तोंच ते "राहूं दे, उद्यां पाहूं," म्हणून देवघरांत गेले.