डोईवरचे देणे

माणसाच्या शरीरावरची सर्वांत बिनकामाची वस्तू कोणती, असे मला कोणी विचारले तर मी केसांकडे बोट दाखवीन. आणि जिच्या जाण्याने माणूस सर्वांत जास्त हळहळतो ती वस्तू कोणती, असे विचारले तरी बोट तिथेच जाईल. दात पडले तर भाकरी चावता येत नाही, नजर अधू झाली तर वर्तमानपत्र वाचता येत नाही. केस गेल्याने मात्र काहीच अडत नाही. उन्हात डोके जरा तापते एवढेच; आणि आमच्या नांदेडच्या वैशाखात केसवाल्यांचेही तापतेच!

भर्तृहरीने नीतिशतकात एका टकल्याची कथा सांगितली आहे. उन्हाने डोके भाजू लागले म्हणून बिचारा बेलाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला, तर वरून बेलफळ नेमके डोक्यावर पडले. भर्तृहरीला दैवाची गती सांगायची होती. पण त्यासाठी त्याला टकल्याच आठवला! दुसरे एक संस्कृत वचन टकल्यांची समजूत घालते, की असा माणूस क्वचितच दरिद्री असतो. माझे डोके तिसाव्या वर्षीच मोकळे झाले. त्या वचनाचा पुरावा मी बँकेच्या पुस्तकात अजून शोधतो आहे.

केस गळू लागले की माणूस प्रथम पाण्याला दोष देतो. लातूरकरांचा तर तो हक्कच आहे. २०१६ च्या एप्रिलात त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते; एरवीही बोअरच्या जड पाण्यावर तिथे सगळ्या रोगांचे खापर फुटते. बाहेरच्या कारणाने केस जातच नाहीत असे नाही. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावच्या आसपासच्या गावांत लोकांचे केस भराभर झडू लागले, तेव्हा डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले होते. पण पुरुषांचे ते नेहमीचे टक्कल, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकणारे आणि टाळूवर चंद्र उगवणारे, ते पाण्यातून येत नाही. ते घराण्यातून येते.

जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये हे दाखवून दिले. वयात येण्यापूर्वीच ज्यांची वृषणे गेली होती अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हते. त्यांना पुरुषी संप्रेरक देताच, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. या संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे दुसरे जहाल द्रव्य तयार होते आणि टाळूवरच्या केसांची मुळे ते सोसू शकत नाहीत. गंमत अशी की त्याच द्रव्यावर दाढी मात्र फोफावते. मुळे एकदम मरत नाहीत. जमीन तीच, पण दर हंगामाला पीक खुरटत जाते, आणि शेवटी नुसती लव उरते.

यावर माका, जास्वंद, कांद्याचा रस, सगळे झाले आहे. कांद्याला तर बगदादच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये शास्त्राची पायरी दाखवली. पण तो प्रयोग चाईवर होता, आपल्या घराणेशाही टकलावर नव्हे. आपल्या देशाच्या १९४५ च्या औषध नियमांना 'जे' नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. जे रोग बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, त्यांची ती यादी. तिच्यात कर्करोग आहे, आंधळेपणा आहे, आणि टक्कलही आहे! कायद्यानेच आमची गणना एवढ्या थोर मंडळींत केलेली पाहून मला थोडा अभिमानही वाटला.

खरे औषध सापडले ते चुकून. मिनॉक्सिडिल ही रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्या रोग्यांच्या कपाळावर, हातांवर, नको तिथे केस उगवू लागले. एकाची पीडा ती दुसऱ्याची आशा! १९८८ मध्ये अमेरिकेत तिचा डोक्याला लावायचा द्रव मंजूर झाला. तो रोज लावायचा. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्तच गळतात; माणूस तिथेच घाबरून बाटली फेकतो. सगळ्यांना गुण येतो असेही नाही. आणि ज्यांना येतो त्यांनी थांबवले की काही महिन्यांत सारे मूळपदावर. म्हणजे हे औषध नव्हे, जन्मभराचा हप्ता आहे. दुसरे औषध फिनास्टेराइड. ते त्या जहाल द्रव्याची निर्मितीच अडवते. १९९७ मध्ये त्याची गोळी टकलासाठी मंजूर झाली. पुढे त्याचाही लावायचा द्रव निघाला, आणि आपल्याकडे दोन्ही द्रव्ये एकाच बाटलीत घातलेलीही मिळू लागली.

ती बाटली माझ्या घरात आली ती दिवाळसणाला. माझे जावई लातूरला शिकवणीवर्गात पदार्थविज्ञान शिकवतात. फळ्याकडे तोंड केले की शेदोनशे डोळे आपल्या टाळूवर असतात, ही जाणीव किती टोचते हे त्यांनी मला नंतर सांगितले. चाकूर, अहमदपूर, लोहा ही गावे मागे टाकीत लेक-जावई आले. लेकीला तिसरा महिना होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाट मांडले, उटणे कालवले, तेल कोमट केले. लेक तेलाची वाटी घेऊन नवऱ्याच्या मागे उभी राहिली, आणि जावई एकाएकी पाटावरून उठले.

"डोक्याला नको. हात लावू नकोस."

आमच्या सौभाग्यवती दारातूनच म्हणाल्या, "असं कसं, जावईबापू? सणाचं पहिलं तेल टाळूलाच लागतं की!"

लेकीचा चेहरा उतरला. तिला वाटले, काहीतरी बिनसले आहे. जावई काही बोलेनात. मग खोलीत जाऊन त्यांनी बाटली आणि तिच्याबरोबरचा बारीक अक्षरांचा कागद आणून माझ्या हातात दिला. चष्मा लावून वाचले. गरोदर बाईने हे औषध हाताळू नये, पोटात मुलगा असल्यास त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष राहू शकतो, असा त्याचा आशय होता. रात्रीच त्यांनी ते डोक्याला लावले होते. कोणाला कळू नये म्हणून महिनोन् महिने लपवलेली गोष्ट त्या पहाटे पणत्यांच्या उजेडात सर्वांसमोर आली.

लेक कागद वाचून म्हणाली, "एवढंच ना? मला सांगायचं की." त्या दोन वाक्यांनी घर हलके झाले.

दिवाळीनंतर ती दोघे त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेली. एव्हाना बाधा झाली असण्याचे कारण नाही, असा धीर देऊन डॉक्टरांनी मिश्रणाची बाटली बंद केली आणि नुसते मिनॉक्सिडिल ठेवले. तेही वाळल्याशिवाय उशीला डोके लावायचे नाही, ही ताकीद. घरात मांजर असेल तर अधिकच जपायचे, कारण मांजराला ते विष आहे. अमेरिकेच्या औषध खात्यानेही २०२५ च्या एप्रिलात मागणीनुसार बनवून विकल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडच्या द्रवांबद्दल इशारा दिला आणि ते दुसऱ्याच्या अंगाला लागू शकते याची आठवण करून दिली. डोके एकाचे असते, पण उशी, टॉवेल आणि तेलाचा हात घरादाराचा असतो.

जावई मात्र आशा सोडणाऱ्यांतले नाहीत. जगात कुठे कसला प्रयोग चालला आहे, सारे त्यांना ठाऊक. क्लॅस्कोटेरोनचे मलम २०२० मध्ये अमेरिकेत मुरुमांसाठी मंजूर झाले. ते त्या संप्रेरकाला मुळाच्या दारातच अडवते, म्हणून टकलावरही त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. लॉस एंजलिसच्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये उंदरांच्या झोपी गेलेल्या केसमुळांना जागे करण्याची युक्ती शोधली. तिच्यातून निघालेला द्रव माणसांच्या डोक्यापर्यंत पोचला. पायरिल्युटामाइड नावाच्या एका द्रवावर अशीच मोठी आशा होती. २०२३ मध्ये चीनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा औषध लावणारे आणि औषध नसलेला द्रव लावणारे यांच्यात ठाम फरकच दिसला नाही.

मी म्हणालो, "म्हणजे बाटलीत काही नसले तरी माणूस आरशात रान पाहतो!"

जावई हसून म्हणाले, "म्हणूनच तर चाचणी घ्यावी लागते, बाबा."

हे उत्तर मला आवडले. आशा धरावी, पण तिचे माप घेणारा कोणीतरी असावा.

नांदेड हे केसांना ईश्वराचे देणे मानून जपणाऱ्यांचे गाव आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला, आणि सचखंडाच्या वाटेवर पगड्यांची रांग कधी तुटत नाही. याच गावातून कितीतरी माणसे तिरुपतीला जातात, डोईवरचे सगळे केस बालाजीला देतात आणि तुळतुळीत डोक्याने हसत परत येतात. गोटा दोघांचाही सारखाच. पण एकाने आपल्या हाताने दिलेले असते आणि दुसऱ्याचे न विचारता नेलेले असते. औषधाने हा हिशेब काही वर्षे लांबणीवर टाकता येतो, आणि तरुण माणसाने तो खुशाल टाकावा. मात्र हप्ता भरायचा तो घरच्यांना सांगून भरावा. डोक्यावरून मायेचा हात फिरायचा तर तो तिथे काय आहे हे माहीत असलेल्या माणसाचा असावा. केस असोत, नसोत.