उन्हातलं करिअर

'आयटीत आहे' म्हटलं की नातेवाईक गप्प बसतात. 'बँकेत आहे' म्हटलं की खूश होतात. 'सोलरमध्ये आहे' म्हटलं की मात्र इंटरव्ह्यू सुरू! मला 'बघायला' आलेल्या एका काकूंनी तर सरळच विचारलं होतं, "म्हणजे तू गच्चीवर गरम पाण्याच्या टाक्या बसवतेस का गं?"

नाही हो काकू. मी पुण्यात, बाणेरच्या गारेगार एसी ऑफिसात बसून सोलर प्लँट डिझाइन करते. कुठल्या जमिनीवर किती पॅनेल्स बसतील, किती कोनात, सावली कुठून पडेल, वर्षाला किती युनिट मिळतील... सगळं स्क्रीनवर. उन्हावर पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींना दिवसभर ऊनच दिसत नाही, ही त्यातली गंमत.

मी मूळची बुलडाणा जिल्ह्यातली, घाटाखालची. (आमच्याकडे 'घाटावरचे की घाटाखालचे' हा प्रश्न पुण्यातल्या पेठांइतकाच महत्त्वाचा असतो.) इंजिनिअरिंग शेगावला केलं. सोलरची पहिली ओळख झाली ती लायब्ररीतल्या डॉ. सुहास सुखात्मे यांच्या पुस्तकातून. आयआयटी मुंबईच्या या प्राध्यापकांनी १९८४ साली सौरऊर्जेवर टेक्स्टबुक लिहिलं आणि पुढे तेच अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्षही झाले. करिअर असावं तर असं!

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं तेव्हा टार्गेट होतं २०२२ पर्यंत २० हजार मेगावॉटचं. जानेवारी २०२५ मध्ये देशाने एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. त्यामुळे नोकऱ्या आहेत, पॅकेजही बरं आहे. पण या फिल्डमध्येही एक उतरंड आहे. वर पीएचडीवाले, मग आम्ही डिझाइनवाले, मग सेल्स. आणि अगदी तळाला 'ओ अँड एम', म्हणजे प्लँट सांभाळणारे. 'त्याला साइटवर टाकलं' हे वाक्य आमच्याकडे 'त्याची काळ्या पाण्यावर रवानगी झाली' अशा सुरात बोलतात.

ही उतरंड मला पटेनाशी झाली ती वरच्या पायरीवरच्या लोकांमुळेच. आयआयटी मुंबईतल्या एनसीपीआरई या संशोधन केंद्राने २०१३ पासून देशभरातल्या पॅनेल्सचे सर्व्हे केले. संशोधक मंडळी थर्मल कॅमेरे घेऊन प्रत्यक्ष गच्च्यांवर आणि प्लँटवर गेली. काय दिसलं? उष्ण भागातली पॅनेल्स लवकर थकतात, हे अपेक्षितच होतं. पण छोट्या सिस्टिम्सची तब्येत मोठ्या प्लँटपेक्षा वाईट होती. नेताना, चढवताना, बसवताना झालेली हेळसांड काचेखाली बारीक तडे पाडते आणि ते डोळ्यांना दिसतही नाहीत. थोडक्यात, सगळं अडतं ते तळाच्या पायरीवर.

आता घाटाखालचा मे महिना आठवा. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. त्यावर लिहिलेले वॉट २५ अंशांचे असतात आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. मलकापुरात पारा ४३ वर गेला की पॅनेल ६५-७० अंशांपर्यंत तापतं. झाली की १५ टक्के वीज गायब! वर धूळ आहेच. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये धूळ हा एक आकडा आहे, तीन टक्के टाकला की झालं. प्रत्यक्षात तो आकडा म्हणजे पहाटे टँकर आणि वायपर घेऊन आलेली दोन पोरं असतात. पहाटेच, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच तडकू शकते.

आमच्या शेतात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला पंप बसला. दहा टक्के हिस्सा आपला, पाच वर्षं दुरुस्तीची हमी. त्याआधी लाइटचा टाइम रात्रीचा, म्हणून बाबा दोन-दोन वाजता बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जायचे. साप, रानडुकरं, सगळं त्या वेळेत. मला वाटलं, बाबा लेकीच्या फिल्डचं कौतुक करतील. त्यांनी विचारलं, "हे बिघडलं त कोन येईन?" मी हमीचा कागद दाखवला. "कागद नको दाखवू माय, मानूस सांग."

आणि बिघडलंच, नेमकं हरभऱ्याचे घाटे भरायच्या वेळी. पुण्यातून मी फोनवर 'बंद करून परत चालू करा' याच्या पलीकडे काही करू शकत नव्हते. आठ दिवसांनी बाइकवरून एक मुलगा आला. 'सूर्यमित्र'चा ६०० तासांचा कोर्स केलेला. उंदराने वायर कुरतडली होती. त्याने आधी हातमोजे घातले, मगच हात लावला. सूर्याला मेन स्विच नसतो. ऊन आहे तोवर पॅनेलच्या वायरीत करंट मारण्याइतकं व्होल्टेज असतंच. चाळीस मिनिटांत पंप सुरू. बाबांनी त्याचा नंबर पंपाच्या पेटीवर खडूने लिहून ठेवलाय. माझा नाही!

आता मुख्य बातमी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ काही मेगावॉटचे छोटे प्लँट उभे राहतात आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज देतात. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. हे प्लँट तालुक्या-तालुक्यांत विखुरलेले, म्हणजे सांभाळायला माणूस जवळ हवा. आमच्या भागातल्या अशा काही प्लँट्सची ओ अँड एमची जबाबदारी मला ऑफर झाली. पगार पुण्यापेक्षा तीस टक्के कमी.

मैत्रिणी म्हणाल्या, "रिव्हर्स गिअर टाकतेस?" आईचं टेन्शन वेगळंच: पोरगी पुण्याहून परत आली म्हणजे नक्की काहीतरी झालं, असं गाव म्हणेल. तिला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

सही करण्याआधी मी दोन अटी घातल्या. प्रत्येक साइटवर टॉयलेट, आणि काचा धुणाऱ्या पोरांना चांगले बूट-हातमोजे. पहिली मान्य व्हायला तीन आठवडे लागले. दुसरीवर 'बघू' असं उत्तर आलंय. एक तारखेला जॉइन होतेय, तेव्हा तेही बघतेच!