पेन्शनरांचे गाव बोकेते

पनामा देशात बारू ज्वालामुखीच्या पायथ्याशी बोकेते हे थंड हवेचे गाव आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा बारीक पाऊस भुरभुरत होता. तेथील लोक त्याला बाहारेके म्हणतात.

चौकातल्या बाकावर एक अमेरिकन म्हातारे जोडपे निवांत बसले होते. अशी जोडपी येथे पुष्कळ. दरमहा किमान १००० डॉलर आजन्म पेन्शन असली, की पनामा सरकार परदेशी माणसाला राहण्याचा परवाना देते. व्यवहारही डॉलरमध्येच चालतो. शिवाय १९८७ च्या कायद्याने ५५ वर्षांच्या बाईला व ६० वर्षांच्या पुरुषाला हॉटेलातील जेवणावर २५ टक्के, सिनेमाच्या तिकिटावर ५० टक्के सवलत मिळते. तेथे राहणाऱ्या देशी-परदेशी सर्वांना ती सारखीच. कायदा आम्हाला आवडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉफीच्या मळ्यांकडे गेलो. न्गाबे आदिवासींची कुटुंबेच्या कुटुंबे तोडणीला आली होती. पायघोळ रंगीत झग्यातली एक म्हातारी कमरेला टोपली बांधून लाल फळे खुडत होती. वयाने ती बाकावरच्या बाईएवढीच असावी. पेन्शन नसलेल्या गरीब वृद्धांना पनामा सरकार ६५ व्या वर्षापासून महिना १२० डॉलर देते. काहीच नसण्यापेक्षा बरे. पण कुठे हजार आणि कुठे एकशेवीस!

सवलतीचा कायदा दोघींना सारखाच. पण हॉटेलात जेवायला आधी खिशात पैसे लागतात.

बांधवांनो, आपल्या वस्तीत किती म्हाताऱ्यांना पेन्शन आहे, याची मोजदाद आपणही करावी. म्हातारपणची भाकर ही दया नव्हे, कष्टाचा हक्क आहे.

जयभीम!