डबीतल्या पट्ट्या

चि. बाळ यास,


तुझी छकुली आठ दिवस माझ्याकडे राहून काल तिच्या आईकडे गेली. फोनवर तू लगेच चिडतोस, म्हणून लिहिते आहे.

दुसऱ्याच रात्री ती बोट न टोचता पानावर बसली. विचारलं तर म्हणाली, "आत्या, सकाळी बघितलीय साखर. दोनदा पुरतं." म्हणजे रात्रीचं इन्सुलिन अंदाजाने! डॉक्टरांनी रोज चारदा तपासायला सांगितलंय. साखर तपासायच्या 50 पट्ट्यांची डबी त्या हिशेबाने बारा दिवसांत संपते. ही पोर ती पंचवीस दिवस पुरवते. डबीवरच्या कागदावर तिने पेनाने बारीक रेघा मारल्या आहेत, वापरलेल्या पट्टीगणिक एक. "बाबा म्हणतात पट्ट्या पोटगीत धरल्यात, आई म्हणते नाही. मग मीच कमी वापरते." अकरा वर्षांची आहे रे ती.

तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. तडजोडीत लिहिलेला निम्मा-निम्मा वैद्यकीय खर्च म्हणजे अ‍ॅडमिट झाल्यावरचा, रोजची औषधं पोटगीतच आली. 1956 च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात पोटगीच्या व्याख्येत औषधोपचार आहेत, हेही खरं. पण तुमचा आकडा ठरला तेव्हा तिला मधुमेह होता कुठे? तेव्हा वह्या, गणवेश, दूध एवढंच धरलं होतं. आणि टाइप वनचा खर्च दवाखान्यात कमी, घरातच जास्त. सुया, पट्ट्या, फ्रिजच्या दारातलं इन्सुलिन. जन्मभर.

निम्म्यावरही अडून बसू नकोस. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सुप्रीम कोर्टाने मुलांच्या शिक्षणाबद्दल म्हटलंय की खर्च एरवी बापाने करावा, आई पुरेसं कमावत असेल तर दोघांनी प्रमाणात वाटून घ्यावा. औषधालाही तोच न्याय लाव. तिच्या आईचा पगार तुझ्या निम्मासुद्धा नाही, तरी गेले सहा महिने केमिस्टची उधारी तीच फेडते आहे.

तिच्या औषधापुरतं एक वेगळं खातं उघडा. एक तारखेला दोघांनी आपापला वाटा टाकायचा, बिलाचा फोटो एकमेकांना पाठवायचा. तुमचं बोलणं होत नसेल तर मी मध्ये राहीन. मात्र छकुलीच्या हाती बिल द्यायचं नाही आणि तिच्यादेखत पैशांचा विषय काढायचा नाही.

निघताना मी तिच्या दप्तरात दोन नव्या डब्या ठेवल्या. एक तिने परत काढून माझ्या कपाटात ठेवली, "पुढच्या वेळेला होईल" म्हणून. ती डबी इथेच आहे. शनिवारी ये, घेऊन जा, आणि स्वतः तिच्या हातात दे.

तुझी,
ताई