सोनचाफा आणि मडफ्लॅप

चिखल हा आम्हा वसईकरांचा जुना सोयरा. मिरग लागला की तो न बोलावता येतो आणि गणपती होऊन गेले तरी मुक्काम हलवीत नाही. आमच्या बालपणी वाडीतून शाळेत जाताना चपला हातात आणि दप्तर डोक्यावर अशी आमची स्वारी निघत असे. पुढे दीक्षा झाल्यावर पहिल्या नेमणुकीच्या गावी आम्ही पांढरा झगा घालून सायकलवरून फिरत असू. मागच्या चाकाने झग्याच्या पाठीवर काढलेली तपकिरी रेघ घेऊन आम्ही वेदीजवळ पोहोचलो की मागच्या बाकांवरच्या बायका पदरात तोंड लपवून हसत. अखेर त्या गावच्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने मडगार्डच्या टोकाला जुन्या टायरचा तुकडा तारेने बांधून दिला. आमच्या आयुष्यातला तो पहिला मडफ्लॅप.

दुसऱ्या मडफ्लॅपची कथा अलीकडची आहे, आणि ती सांगताना आम्हास थोडी लाज वाटते.

आमच्या धर्मग्रामाची पेट्रोलवरची मोटार पंधरा वर्षे राबून थकली, तेव्हा तिच्या जागी विजेवर चालणारी लहान मोटार घ्यावी, असे पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत ठरले. एका तरुणाने पोप फ्रान्सिस यांचे २०१५ सालचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्र पुढे केले आणि खजिनदारांनी पेट्रोलची बिले पुढे केली. यांपैकी कोणता पुरावा सभेला अधिक पटला, हे येथे न सांगितलेले बरे. गाडी आली. नाव सांगून कोणाची जाहिरात करण्याचा आमचा मानस नाही. गाडी गुणी आहे. ना धूर, ना खडखडाट.

नेमकी ती शांतताच आम्हास नडली. जुलैतील एका पहाटे एका आजाऱ्याला तैलाभ्यंग देण्यासाठी आम्ही घाईने निघालो होतो. पाऊस नुकताच ओसरला होता. दोन वाड्यांच्या मधल्या अरुंद रस्त्यावर, वळणाच्या पुढे, लाल लुगडे नेसलेल्या एक मावशी कंबरेवर टोपली घेऊन स्टेशनची बस धरायला चालल्या होत्या. आमची चाहूल त्यांना लागली नाही आणि आम्हास रस्त्यातले डबके दिसले नाही. पुढचे क्षणार्धात घडले. आरशात पाहिले तर लुगड्यावर, चेहऱ्यावर, टोपलीवर चिखलच चिखल. टोपलीत दादरच्या बाजारासाठी पहाटे खुडलेला सोनचाफा होता.

गाडी थांबवून आम्ही खाली उतरलो. आम्हास पाहताच मावशींनी ओठांपर्यंत आलेला शब्द गिळला, हे आम्ही स्पष्ट पाहिले.

“चालायचंच, फादर. तुम्ही जा, आजारी माणूस वाट बघत असेल.”

दुसरा कोणी ड्रायव्हर असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. आमच्या झग्याला मात्र क्षमा न मागताच मिळाली, आणि ती घेऊन आम्ही पुढे गेलो. दिवसभर मन खात राहिले. संध्याकाळी गाडीभोवती फिरताना ध्यानात आले की तिच्या चारही चाकांमागे मडफ्लॅप नाहीत. आम्हास केवढे हायसे वाटले! अपराध्याला आपल्या वतीने शिक्षा भोगणारी वस्तू सापडली की असेच हायसे वाटत असावे.

मग सुरू झाला मडफ्लॅपचा शोध. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांची परमेश्वराच्या अस्तित्वाविषयीची पाच प्रमाणे पाठ केली होती. परंतु रबराचा तुकडा निवडताना त्यांतील एकही कामी आले नाही. बाजारात स्थूलमानाने तीन प्रकार मिळतात. एक, कोणत्याही गाडीला चालणारे सपाट रबरी पट्टे, हे सर्वांत स्वस्त. दुसरे, त्या त्या गाडीच्या बांध्याप्रमाणे साच्यात घडवलेले कडक प्लास्टिकचे. हे दिसायला देखणे, परंतु दगडावर आपटले की तडकतात. तिसरे, बांध्याप्रमाणेच घडवलेले पण मऊ आणि लवचीक. हे वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. आम्ही काटकसरीला मान देऊन पहिला प्रकार घेतला. तो इतका लांब निघाला की चर्चच्या आवारातील उतारावरून गाडी मागे घेताना मागचा एक पट्टा चाकाखाली सापडला आणि स्क्रूसकट उपटून आला. स्वस्ताई आठ दिवस टिकली. दुसऱ्या खेपेस तिसरा प्रकार घेतला.

बसवण्यासाठी आमच्या ओळखीचे मिस्त्री आले. भला माणूस, ट्रक, टेम्पो, रिक्षा यांच्या दुरुस्तीत त्यांचे केस पांढरे झालेले. आल्याबरोबर त्यांनी जॅक सरकवला तो थेट गाडीच्या पोटाखाली. आम्ही ओरडलोच. पेट्रोलच्या गाडीत जेथे नुसता पत्रा असतो, तेथे या गाडीत बॅटरी पसरलेली असते. जॅक लावण्याच्या चार जागा कंपनीने पुस्तिकेत चित्र काढून दाखवल्या आहेत. त्या सोडून अन्यत्र भार दिला तर बॅटरीचे कवच दबते आणि मग मडफ्लॅप काही हजारांत नव्हे, लाखांत पडतो. मिस्त्रींनी ड्रिल मशीन काढली तेव्हा आमचा दुसरा धावा झाला. विजेच्या मोटारीत नारिंगी आवरणाच्या जाड तारा असतात, त्यांतून शेकडो व्होल्टचा प्रवाह खेळतो. पत्र्यामागे काय आहे हे ठाऊक असल्यावाचून तेथे भोक पाडणे म्हणजे सापाच्या बिळात हात घालणे. शिवाय भोकाच्या कडेचा रंग गेला की आमच्या खाऱ्या वाऱ्यात गंज धरायला एक पावसाळा पुरतो.

“फादर, मग लावायचं कशाला? प्रार्थनेनं?” मिस्त्री म्हणाले.

उत्तर चाकाच्या कमानीतच होते. स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवले की पुढच्या चाकामागची जागा उघडी होते. तेथे आतल्या काळ्या अस्तराला धरून ठेवणारे कंपनीचेच स्क्रू असतात. ते काढायचे, मडफ्लॅपची भोके त्यांच्या जागी जुळवायची आणि किंचित लांब स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवायचे. तत्पूर्वी जागा धुऊन कोरडी करावी आणि मडफ्लॅप जेथे रंगाला टेकतो तेथे पारदर्शक चिकटपट्टी लावावी. नाहीतर आत अडकलेली वाळू रंगावर काचकागदासारखी घासत राहते. शेवटी स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर कोठे घासत नाही ना, हे पाहावे. दोन तासांत चारही चाके सजली. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. चहाचे मात्र तीन कप घेतले.

एका कौन्सिल सभासदांची शंका होती की मडफ्लॅपमुळे हवेचा अडथळा वाढून एका चार्जिंगमध्ये गाडी कमी धावेल. भरधाव वेगात ते थोडेफार खरे असेल, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. आमच्या वाडीतल्या रस्त्यांवर वेग वाढवतो कोण? दुसऱ्याची शंका होती, बॅटरीला चिखलापासून संरक्षण मिळते का? तर त्यासाठी मडफ्लॅप नव्हेत. पुष्कळ गाड्यांच्या बॅटऱ्यांना ‘आय.पी. ६७’ हा दर्जा असतो, म्हणजे आत धूळ शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही पाणी झिरपत नाही. अर्थात याचा अर्थ तुंबलेल्या रस्त्यात गाडी लोटावी असा नव्हे. २०१८ च्या जुलैत वसईत पाण्याने काय केले हे आपण विसरलेलो नाही.

आता परीक्षा. आमच्या सेक्रिस्टननी एक जुनी पांढरी चादर कुंपणाला बांधली. आम्ही डबक्यातून ताशी तीस किलोमीटरने गाडी नेली. गाडीच्या दारांखालचा भाग आणि मागचा बंपर बऱ्यापैकी स्वच्छ राहिला. चादर मात्र चिखलाने माखली.

आम्ही दोघेही त्या चादरीकडे पाहत राहिलो. मग थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. टायरला चिकटलेला चिखल चाकासोबत फिरत वर येतो आणि सुटून मागे उडतो. तो मडफ्लॅप अडवतो. डबक्यातले पाणी मात्र टायरच्या दाबाने बाजूला फेकले जाते. ते मडफ्लॅपच्या वाटेला जातच नाही. म्हणजे त्या पहाटे चारही मडफ्लॅप जागेवर असते तरीही सोनचाफा असाच भिजला असता. मडफ्लॅप वाचवतो तो आपल्या गाडीचा रंग, आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याचा सदरा. दुसरी चादर बांधून ताशी दहाने गेलो. खाली वीतभर ओल आली, बाकी चादर कोरडी.

तेव्हा कोठे आम्ही मावशींच्या घरी गेलो. महिना उलटून गेला होता. त्या ओट्यावर बसून फुले निवडत होत्या. आम्ही विचारले, “मावशी, त्या दिवशी दादरला गेला होता का?”

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “चिखलाचा चाफा कोण घेणार, फादर? घरी परत आले. लुगडं धुतलं. टोपली तशीच खड्ड्यात टाकली.”

“तेव्हा का बोलला नाहीत?”

“तुम्हाला काय बोलणार?”

नुकसान किती झाले ते आम्ही विचारले. वाटले, त्या नको म्हणतील, आणि खरे सांगायचे तर मनाच्या एका कोपऱ्यात तशी आशाही होती. मावशींनी बोटांवर हिशेब केला, “चारशे,” म्हणाल्या. आम्ही पैसे दिले. त्यांनी ते नीट मोजले, कंबरेच्या पिशवीत ठेवले आणि पुन्हा फुले निवडू लागल्या. आम्ही उठलो तेव्हा मान वर न करताच म्हणाल्या,

“आणि त्या वळणावर हॉर्न वाजवत जा. गाडी तुमची मांजरासारखी येते.”

युरोपात २०१९ पासून विजेच्या नव्या बनावटीच्या मोटारींना हळू वेगातही ऐकू येईल असा आवाज बसवणे सक्तीचे झाले आहे, असे आम्ही त्यांना सांगणार होतो. सांगितले नाही. त्या वळणावर हॉर्न वाजवतो. कधी मावशी तेथे असतात, कधी नसतात. असल्या की टोपली दुसऱ्या कंबरेवर घेतात आणि रस्त्याच्या कडेला सरकून उभ्या राहतात.