मोडलेल्या वृंदाचे देणे

घरची मुले ऐकतात ते पंक-संगीत आम्हांस प्रथम कर्कशच वाटले. परंतु त्यातील एका ध्वनिमुद्रिकेची हकीकत कळली आणि आमचे मन निवळले. स्वीडनमधील उमेओ नगरीच्या 'रिफ्यूज्ड' या वृंदाने १९९८ साली 'द शेप ऑफ पंक टू कम' काढली. पंकच्या गर्जनेत त्यांनी जाझ, तंतुवाद्ये व विद्युत्-ध्वनी मिसळले. त्याच वर्षी अमेरिकेत एका तळघरातील त्यांचा कार्यक्रम पोलिसांनी बंद पाडला आणि वृंदही मोडला. तथापि २००७ साली 'पॅरामोर' या अमेरिकन वृंदाने त्यांचीच एक ओळ आपल्या गीतात गुंफली. वाचकहो, आजोबांनी लावलेला आंबा नातवंडे खातात. म्हणून आपल्या हयातीत फळ दिसले नाही, तरी कोणाचे श्रम वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.