रोखठोक लिझी

फोर्ड मॉडेल टी हे तिचं कागदोपत्री नाव. १९०८ साली डेट्रॉइटमध्ये जन्मली आणि अमेरिकाभर ‘टिन लिझी’ म्हणून नावारूपाला आली. अंगाने किडकिडीत, पायांनी उंच. चिखल, खाचखळगे तिच्या खिजगणतीत नसत.

मोटार ही तोवर बड्या घरची चैन होती. लिझी शेतकऱ्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. सुरुवातीला तिच्या टूरिंग मॉडेलला ८५० डॉलर पडत. १९१३मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सांगाडा कामगारांपुढून सरकू लागला आणि बारा तासांची जुळणी दीड तासावर आली. १९२५मध्ये दोन माणसांची लिझी २६० डॉलरला मिळू लागली. भाव उतरला, की हिचा तोरा चढायचा!

स्वभाव मात्र तऱ्हेवाईक. सुरुवातीची बरीच वर्षं पुढचं हँडल फिरवल्याशिवाय जागी व्हायची नाही. त्यातही अंगठा हँडलभोवती वळवलात आणि तिने उलटा झटका दिला, की हात मोडलाच. टाकी सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनात उतरायचं. टाकीत थोडंच उरलं असेल तर उभ्या चढावर बाईसाहेब अडून बसत. मग मालकाने गाडी वळवायची, मधलं पेडल दाबायचं आणि मान मागे वळवून सगळा चढ उलटा चढायचा.

कामाला मात्र वाघ. मागचं चाक जॅकवर उचलून पट्टा चढवला, की लाकडं कापायची करवतही चालवून द्यायची. नटण्यामुरडण्याचं नाव नाही. १९१४पासून दहा-अकरा वर्षं एकच रंग, काळा.

पैशाच्या बाबतीत ती हेन्री फोर्डच्याच वळणाची; उधारीचं तिला वावडं. प्रतिस्पर्धी जनरल मोटर्सने १९१९मध्ये हप्त्यांसाठी वेगळी कंपनीच काढली: आमची शेव्हरोले आज घरी न्या, पैसे सवडीने फेडा. लिझीने १९२३मध्ये उत्तर दिलं: आठवड्याला पाच डॉलर साठवा, किंमत पुरी झाली की गाडी न्या. सल्ला शहाणपणाचा होता, पण शेजारी नवी गाडी फिरवत असताना इतकी कळ कोण काढणार?

१९२७मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तोवर दीड कोटी लिझी रस्त्यावर उतरल्या होत्या. शेव्हरोलेच्या दुकानात जुनी लिझी देऊन नवी गाडी घेणारे कितीतरी होते. मोटार आपल्यालाही परवडते, हा विश्वास त्यांना लिझीनेच दिला होता.